उंबर बसवला

आमचे बाबा बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. त्यामुळे त्यांच्या भाषेत एकच क्रियापद आहे: बसवणे. बेअरिंग बसवायचं, नट बसवायचा, पंखा बसवायचा. अलीकडे माझं लग्न ठरलं तेव्हासुद्धा त्यांनी नातेवाइकांना फोनवर सांगितलं, "बसवलं एकदाचं." या एका शब्दानं आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये जो धुमाकूळ घातला, तो आठवला की मी अजून ऑफिसात बसल्या बसल्या एकटीच हसत सुटते.

सुरुवात झाली आईच्या पडण्यानं. बिल्डिंगच्या मागे, डोंगराच्या बाजूला मातीची एक पट्टी आहे. तळमजला आमचा, म्हणून ते आमचं अंगण. संध्याकाळी बायका तिथे खुर्च्या टाकून भाजी निवडायच्या आणि बिल्डिंगमधल्या एकेकाची सालं काढायच्या. एकदा आईच्या प्लास्टिकच्या खुर्चीचा एक पाय मऊ मातीत रुतला, दुसरा फाकला आणि आई मेथीसकट आडवी झाली. लागलं फारसं नाही, पण सगळ्या हसल्या. वरच्या मजल्यावरच्या काकू तर डोळे पुसेपर्यंत हसल्या.

आईचे गुडघे आधीच दुखरे, खाली मांडी घालता येत नाही, आणि आता खुर्चीची धास्ती. तिनं बाहेर बसणंच सोडलं. स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून गप्पा ऐकायची आणि न राहवून तिथूनच एखादं वाक्य फेकायची. ते मला बघवायचं नाही. बाबांना तर मुळीच बघवत नसणार, कारण एक दिवस ते म्हणाले, "हिच्यासाठी अशी खुर्ची बसवतो, जिचे पाय हलणारच नाहीत."

"सिमेंटची?" मी विचारलं.

"छ्या! ती गार लागता. झाडाची."

"लाकडाची म्हणा ना."

"लाकडाची नाय गो. जिवंत झाडाची! पाय थेट जमिनीतून वर."

मला वाटलं, रिटायर झाल्यापासून मोबाइलवर बघतात ते व्हिडिओ डोक्यात गेले. पण दुसऱ्याच दिवशी ते गटाराच्या पाइपावर उगवलेली उंबराची चार रोपं मुळांसकट सोडवून घेऊन आले. उंबराच्या फांद्यांची साल जरा खरवडायची, एकमेकींना घट्ट बांधायच्या, की कालांतरानं त्या जुळून एक होतात, असं त्यांचं म्हणणं. चार कोपऱ्यांना चार रोपं, म्हणजे खुर्चीचे चार पाय.

पण पावसाळ्यात डोंगरावरून चिखल उतरतो. रोपं वाहून जाऊ नयेत म्हणून आधी भिंत हवी. मग बाबांनी शेजारच्या बांधकामावरून सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आणल्या, त्यात मुरूम भरला आणि एकीवर एक रचायला घेतल्या. पहिल्या खेपेला त्यांनी गोण्या इतक्या ठासून भरल्या की त्या गोल गरगरीत झाल्या. मी ऑफिसात असताना त्यांचा फोन आला, "भिंत बसली."

"वा! झकास!" मी ओरडले.

"झकास काय? बसली म्हणजे खाली बसली! वाट लागली!"

दुसऱ्या खेपेला गोण्या थोड्या रिकाम्या ठेवून शिवल्या, दोन थरांमध्ये काटेरी तार घातली आणि प्रत्येक थर धुमसानं ठोकून काढला. धुमस त्यांनी स्वतःच बनवलं होतं, लोखंडी पाइपाला खाली पत्रा जोडून. ऐन दुपारी धप्प, धप्प. वरून काकू ओरडायच्या, "अहो, झोपू द्या ना माणसाला!" मी सुटीच्या दिवशी उड्या मारून गोण्या दाबायचे, आई खिडकीतून सूचना द्यायची आणि आम्ही दोघं चिखलात लडबडून खिदळायचो. गुडघ्याइतकी भिंत झाली. ती मात्र हलली नाही, आणि तिच्या पुढ्यात बाबांनी चारही रोपं लावली.

मग वर्षं गेली. उंबर भराभर वाढतो, पण खुर्ची काही भराभर होत नाही. बाबा सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून फांद्या बांधायचे, जाड झाल्या की सैल करायचे, नको ती फांदी छाटायचे. छाटलं की पांढरा चीक गळायचा आणि बाबा झाडाला म्हणायचे, "झाला, झाला, रडू नको." आधी बैठक जुळली, मग हात, शेवटी पाठ. उंची आईच्या गुडघ्यांच्या मापानं ठेवली होती. आई रोज खिडकीतून विचारायची, "झाली का हो?" आणि बाबा म्हणायचे, "बसतेय, बसतेय."

शेवटचा सांधा जुळला त्या दिवशी बाबांना आभाळ ठेंगणं झालं. अंगणात उभं राहून त्यांनी गावच्या भावाला फोन लावला आणि अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं ओरडले, "अरे, उंबर बसयलंय! आज! मागीलदारी! झकास बसलो हा!"

आता मराठी माणूस गणपती बसवतो, घट बसवतो. आणि उंबर म्हणजे साक्षात दत्ताचं झाड. वरच्या खिडकीत काकूंचे कान टवकारले.

सकाळी आम्ही मागचं दार उघडलं, तर खुर्चीवर हळदकुंकू, अगरबत्ती, वर चाफ्याचं फूल, आणि काकू डोळे मिटून प्रदक्षिणा घालतायत. खुर्चीचा मागचा भाग आमच्या गोण्यांच्या भिंतीला टेकला होता, म्हणून त्या प्रत्येक फेरीला साडी सावरून भिंतीवर चढत आणि पलीकडे उतरत होत्या. मी तोंडात ओढणी कोंबून हसले. बाबा समजवायला गेले, "अहो, ही बसायची खुर्ची आहे."

"तेच तर!" काकू म्हणाल्या. "देवाची बैठक! स्वतःच्या हातानं घडवलीत, भाग्यवान आहात."

गुरुवारपर्यंत अख्खी बिल्डिंग नारळ घेऊन आली. त्या जागी स्कूटर लावायला म्हणून झाड तोडायचं घाटणारे सोसायटीचे सेक्रेटरी आले, चपला काढून उभे राहिले आणि परत गेले. म्हणजे झाड वाचलं. पण आई?

"हळदकुंकू पडलेल्या जागेवर मी टेकू?" ती बाबांना म्हणाली. "डोकं फिरलंय का तुमचं?" आणि पुन्हा खिडकीत जाऊन उभी राहिली.

मला इतका राग आला की त्या अगरबत्त्या उचलून फेकाव्यात. संध्याकाळी बाबा गोण्यांच्या भिंतीवर बसून त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले.

दत्तजयंतीला अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. आरती झाली. आम्ही मालवणकडचे, तेव्हा गाऱ्हाणं घालायचा मान बाबांचा. गाऱ्हाणं म्हणजे एकानं देवाकडे मोठ्यानं मागायचं आणि प्रत्येक मागणीला बाकीच्यांनी एका सुरात होकार भरायचा. बाबांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! तुझ्या लेकरांनी केलेली सेवा गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"बिल्डिंगीची पाण्याची टाकी भरलेली ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हा जरा जास्तच जोरात आला.

"आणि ही माझी घरकारीण. हिचे गुडघे दुखतत. तुझ्या मांडयेर हिका रोज सांजवेळेक बसाक दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज काकूंचा होता. डोळे मिटलेले, हात जोडलेले. मग त्यांनी हळूच एक डोळा उघडला. कुणीतरी फिस्सकन हसलं, मग मी हसले, मग अख्खं अंगण हसायला लागलं, पण देवासमोर भरलेला होकार कोण परत घेणार? काकूंनीच पुढे होऊन बैठकीवरची फुलं बाजूला केली.

आई पदर खोचून बाहेर आली. तिनं झाडाला नमस्कार केला आणि हळूच म्हणाली, "जरा सरक रे बाबा." दोन्ही हात टेकवून तिनं अंदाज घेतला, मग अंग सोडलं. एक पान हललं नाही. खुर्चीचे पाय तर जमिनीतच होते.

बाबांचे डोळे भरून आले होते. पण वर्कशॉपमध्ये शेवटचा नट घट्ट झाल्यावर म्हणत असतील तसं, सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले, "बसली!"