माणिकप्पांच्या हाताचा गुण

शिपाई म्हणून माणिकप्पा रिटायर झाले त्याला चौदा महिने झाले होते, तरी रोज सकाळी सातला त्यांना कामावर जावंच लागायचं. त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणी कॉम्प्युटर चालू केला तर गेटवरचा फलक लागत नव्हता.

अहमदपूरहून लोह्याकडे जाताना शेतकऱ्यांच्या एका कंपनीचं सोयाबीन खरेदी केंद्र होतं. आता कोणत्या नंबरच्या ट्रॅक्टरनं आत यायचं, ते गेटवरच्या फलकावर लाल आकड्यांत उमटायचं. आकडे ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून बिनतारी यायचे. माणिकप्पांनी बटण दाबलं की आकडे हजर. मॅनेजर उमाशंकर यांनी दाबलं की दोन आडव्या रेघा, आणि गेटवर तीस ट्रॅक्टरवाल्यांची हमरीतुमरी.

निरोपाची शाल घेऊन माणिकप्पा घरी गेले आणि तिसऱ्याच दिवशी त्यांना परत बोलावणं आलं. संचालकांनी रीतसर ठराव केला: 'श्री. माणिकप्पा यांना रिटायर समजावे, मात्र सोडू नये.' एकदा त्यांना ताप भरला, तर जीप पाठवून घोंगडीसकट उचलून आणलं. लेक बबिता बिलोलीला दिलेली. तिची मुलगी पाच महिन्यांची झाली, पण आजोबांनी अजून नात पाहिली नव्हती.

"दोन दिस सोडा की मला," ते म्हणायचे.

"मामा, तुमच्या हातात गुण हाय. कसं सोडू?" उमाशंकर म्हणायचे.

ऐकून ऐकून माणिकप्पांनाही ते खरं वाटू लागलं. बटण दाबायच्या आधी ते हात धुऊ लागले.

शेवटी नांदेडहून अयोध्या नावाच्या मुलीला बोलावलं. ती कॉम्प्युटर दुरुस्त करायची आणि कामापुरतंच बोलायची. दोन सकाळी ती नुसती बघत बसली. मग कॉम्प्युटरच्या पाठीला खोचलेल्या बोटाएवढ्या अँटेनाकडं तिनं बोट केलं.

"मामा, हा रोज काढून ठेवता?"

"हाव. उंदरं कुरतडतेत. सकाळी बटण दाबतो, उदबत्ती लावतो, मंग खोचतो."

"आणि साहेब, तुम्ही?"

"मी आधी खोचतो. मग बटण," उमाशंकर म्हणाले.

"मग झालं तर. याला वायफायचे दोन भाग आहेत. आतला इंटरनेटचा, हा अँटेना फलकाचा. जो आधी दिसेल त्याचं नाव कॉम्प्युटर 'डब्ल्यूलॅन शून्य' ठेवतो, मागून येणाऱ्याचं 'डब्ल्यूलॅन एक'. आणि फलकाचे आकडे कायम एककडं जातात. तुम्ही आधीच खोचलं की अँटेना पुढं घुसून शून्य होतो."

"म्हंजे माज्या हाताचं काही न्हाई?" माणिकप्पांनी विचारलं.

"उदबत्तीचं आहे, मामा. तेवढ्या वेळात आतला पुढं होतो."

अयोध्यानं कॉम्प्युटरला बजावलं, की या अँटेनाचं नाव कायम 'एक'च. पण अँटेना आधी खोचलेला असला की तोवर ते नाव आतल्याला मिळून गेलेलं असायचं. तो सोडेना, आणि अँटेना भलतंच अर्धवट नाव घेऊन लटकला. कॉम्प्युटर आपणहून कधीच देणार नाही अशी नावं हवी होती. काय ठेवू, असं तिनं विचारलं, ते विचारायला नको होतं.

संचालकांची बैठक बसली. अध्यक्ष ईश्वरप्पांना अँटेनाला वडिलांचं नाव द्यायचं होतं.

"पंधरा अक्षरांच्या वर घेत नाही, तीही इंग्रजी," अयोध्या म्हणाली. "कैलासवासीतच दहा गेली."

"मग कैलासवासी काढा," कुणीतरी म्हणालं.

"काढलं तर ते जिवंत हायेत असं होईल," ईश्वरप्पा गंभीरपणे म्हणाले.

दोन तास झाले. अयोध्यानं तोवर 'गेट' आणि 'ऑफिस' अशी नावं टाकून, दोन्ही भागांवर कारखान्यातच पडलेल्या कायमच्या नंबरांशी बांधून टाकली होती आणि फलकाचे आकडे 'गेट'कडं वळवले होते.

दुसऱ्या सकाळी उमाशंकरांनी आधी अँटेना खोचला, मग बटण दाबलं. गेटवर लाल एक उमटला आणि पहिला ट्रॅक्टर आत आला. माणिकप्पा दाराशी उभे होते. त्यांच्याकडं कुणी बघितलं नाही. त्यांना हलकं वाटलं आणि थोडं वाईटही. घरी जाऊन त्यांनी पिशवी भरली आणि एसटी धरली.

बिलोलीत नातीला मांडीवर घेऊन ते बबिताला म्हणाले, "माज्या हातात काहीच नव्हतं बघ. म्या नुसता सावकाश होतो."

"मग इथंबी सावकाशच ऱ्हावा," बबिता म्हणाली.

ते एकोणीस दिवस राहिले.