पान आलं की कळवायचं

कवळीताईंकडून सायकडचं, म्हणजे ठेंगण्या ताडासारख्या दिसणाऱ्या त्या झाडाचं, रोप घ्यायचं म्हणजे आधी परीक्षा द्यावी लागे. खिशात पैसे आहेत एवढ्यावर तिथे भागत नसे. कुंडीला खाली भोकं किती, ऊन कुठल्या बाजूचं, घरात कुत्रं आहे का (सायकडची बी विषारी, आणि कुत्र्यांना नेमका तिचाच सोस), आणि तुम्ही बाहेरगावी गेलात तर पाणी कोण घालणार, असे प्रश्न येणाऱ्याला दारातच झाडले जात. शेवटच्या प्रश्नाला "शेजारी घालतील" असं उत्तर देणारे हात हलवत परत गेलेले आहेत. कारण शेजारी रोज पाणी घालतात, आणि सायकड तहानेनं मरत नाही, लाडानं मरतं.

परीक्षेत पास झालात तरी दोन अटी उरत. पहिली, रोप कुरियरने मिळणार नाही, स्वतः येऊन न्यायचं. दुसरी, पान आलं की कळवायचं. सायकडला नवी पानं वर्षातून एकदाच फुटतात, तीही त्याच्या मर्जीनं, त्यामुळे अट काही जाचक नव्हती. तरी लोक विसरत. विसरणाऱ्याला ताई पुन्हा रोप देत नसत, मग तो कितीही मोठा शौकीन असो. त्यांच्या सायकडवाल्यांच्या ग्रुपात एक बंगलेवाला होता, दुर्मिळ झाडांसाठी वेगळी काचेची खोली बांधलेला. त्यालाही ताईंनी दोन वर्षं घराबाहेर ठेवला होता.

पोटापाण्याचा धंदा मात्र दातांचा. ताई दंतवैद्य नव्हत्या. दंतवैद्यांकडून तोंडाचे ठसे यायचे, ताई त्यात प्लास्टर ओतायच्या, मेणात दात बसवून बघायच्या आणि कवळी घडवायच्या. हे काम त्या वडिलांकडून शिकल्या आणि वडील गेल्यावर घराच्या पुढच्या खोलीतली ती कार्यशाळा त्यांच्याकडे आली. लग्नाचं बघू बघू म्हणत राहून गेलं. घरात धाकटा भाऊ, तोही महिन्यातले वीस दिवस ट्रकवर, आणि त्याची बायको. त्या वहिनीची जीभ मोठी तिखट, पण माणूस मायेचं.

सायकडचं वेड लागलं ते एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकामुळे. जन्मभर जहाजावर आचारी असलेला माणूस. ताईंनी केलेली कवळी इतकी चपखल बसली की खूश होऊन त्याने पेटीतल्या चार बिया त्यांच्या हातावर ठेवल्या. कुठल्याशा बंदरातल्या बागेच्या माळ्याने त्याला दिलेल्या. त्यातल्या दोन रुजल्या. पानं आली ती निळसर, राखेची झाक असलेली. ग्रुपातल्या जाणत्यांनी पुस्तकं पालथी घातली, पण असं झाड कुणाकडेच निघालं नाही. सगळे त्याला नुसतं 'निळं' म्हणू लागले. ताईंनी कवळीच्या उरलेल्या गुलाबी प्लास्टिकच्या दोन पट्ट्या घासून त्यांच्यावर आकडे कोरले, एक आणि दोन, आणि कुंड्यांत खोचल्या.

आता दोन्ही रोपं एकाच घरात ठेवणं म्हणजे नशिबाची परीक्षा बघणं. एकाला कीड लागली की दुसऱ्याला लागलीच. एक लांब, भरवशाच्या माणसाकडे असलेलं बरं. म्हणून रोपं तीन वर्षांची झाल्यावर ताईंनी दोन नंबरचं विकायला काढलं, आणि ते न्यायला भूमितीचे मास्तर आले.

पार दुसऱ्या गावाहून सकाळच्या बसने आले होते. पिशवीतून कोनमापक काढून त्यांनी आधी दोन्ही रोपांच्या पानांचे कोन मोजले आणि वहीत लिहून घेतले. ताई बघतच राहिल्या. मग प्रश्न सुरू झाले. भोकं पाच, ऊन पूर्वेचं, कुत्रं नाही.

"बाहेरगावी गेलात तर पाणी कोण घालणार?"

"जातच नाही मी कुठे. मोठी बहीण असते घरी, अंथरुणाला खिळलेली. मला तिनेच वाढवलं. आज शेजारीण बसलीय तिच्यापाशी, म्हणून येता आलं."

इतकं बरोबर उत्तर ताईंना आजवर कुणी दिलं नव्हतं, आणि ते ऐकून त्यांना वाईट वाटलं.

मास्तर तीन तास बसले. माती कशी कालवायची, गड्डा किती वर ठेवायचा, सगळं लिहून घेतलं. मध्येच कशावर तरी हसले तेव्हा त्यांच्या पुढच्या दाताचा टवका उडालेला दिसला. समोरच्याच्या तोंडात आधी खोट बघणाऱ्या ताईंना त्या दिवशी पहिल्यांदा एखादा दात दुरुस्त करावासा वाटला नाही. होता तसाच तो छान होता.

"कळवेन," रोप छातीशी धरून मास्तर फाटकातून म्हणाले. नुसतं कळवेन. ग्रुपातला लहानथोर प्रत्येक जण त्यांना ताई म्हणायचा, बंगलेवालासुद्धा. मास्तरांनी त्या तीन तासांत एकदाही ताई म्हटलं नव्हतं. हे ताईंच्या लक्षात आलं, आणि लक्षातच राहिलं.

त्यानंतर एकोणीस वर्षं मास्तरांनी अट पाळली. आधी कार्डावर, मग फोनवर. "पान आलं. चार." पुढच्या वर्षी, "पान आलं. पाच." ताईंचं उत्तर ठरलेलं, "छान. पाणी कमी घाला."

"काय हो वन्सं, तुमचं दोघांचं मिळून वर्षाला सात शब्द," वहिनी म्हणायची. "यापेक्षा विजेचं बिल जास्त बोलतं आपल्याशी."

ताई हसण्यावारी न्यायच्या. पण पान यायच्या महिन्यात त्या फोन प्लास्टरच्या हातांनीच उचलायच्या, आणि एका वर्षी निरोपाला तीन आठवडे उशीर झाला तर त्यांनी एकाच जोडीतली वरची कवळी एका गिऱ्हाइकाला आणि खालची दुसऱ्याला पाठवून दिली. ताईंना मास्तरांची ओढ होती. हे असं सरळ सांगून टाकायचं कारण, ताईंनी ते कुणालाच सांगितलं नाही. कितीदा तरी त्या "पाणी कमी घाला" च्या पुढे काहीबाही लिहायच्या. तुमची बहीण कशी आहे. इकडे कधी येणं होईल का. मग पुसून टाकायच्या. तिकडे अंथरुणाला खिळलेलं माणूस, त्यात आपण कशाला आणखी एक ओझं, असं त्यांना वाटायचं.

तेराव्या वर्षी मात्र सातापेक्षा जास्त शब्द आले. "मधोमध काहीतरी वर येतंय. मक्याच्या कणसासारखं. घाबरलोय." सोबत फोटो.

ताईंनी फोटो बघितला आणि खुर्चीतून उठल्याच. सायकडात नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं, आणि कणीस येईपर्यंत कोण काय आहे हे कुणाच्या बापाला कळत नाही. हे लांब, सडपातळ कणीस नराचं होतं. आता इथे ताई चुकल्या. सायकडवाल्यांची एक जुनी सवय असते. नराचं कणीस उपयोगाचं नसलं की ते कापायचं, म्हणजे झाडाची ताकद पानांत जाते. आपल्या घरचं एक नंबर अजून मुकं, मादी निघेल की नर याचा पत्ता नाही. ताईंनी सवयीनं लिहून टाकलं, "नर आहे. कणीस कापून टाका, झाड थकतं."

मास्तरांचं उत्तर आलं, "बरं." पुढे आणखी दोनदा कणीस आलं, आणि दोन्ही वेळा मास्तरांनी आज्ञाधारकपणे कळवलं, "कापलं."

आणि एकोणिसाव्या वर्षी ताईंच्या एक नंबरला कणीस आलं. गुबगुबीत, लोकरी, घागरीएवढं. मादी!

ग्रुपात एकच गिल्ला झाला. निळ्याची मादी म्हणजे काय! कुणी बिया आधीच सांगून ठेवायला लागले, कुणी नुसतं बघायला येऊन गेले. बंगलेवाला दुसऱ्या जातीचा पराग घेऊन हजर झाला. "नाहीतर फुकट जाईल ताई, संकर का होईना." ताईंनी त्याला चहा पाजून परत पाठवला. निळ्याला निळ्याचाच पराग हवा होता. जगात त्यांना ठाऊक असलेला निळा नर एकच, आणि त्याची तीन कणसं त्यांनीच कापायला लावली होती.

चार दिवस त्यांनी मास्तरांना काही कळवलंच नाही. लाज वाटत होती. कणसाचे खवले एव्हाना सैल व्हायला लागले होते. ते उघडले की जेमतेम दहा दिवस पराग आत जातो, मग दार बंद. पुढचं कणीस पाच वर्षांनी येईल की दहा, झाड सांगत नाही. ताई बासष्ट वर्षांच्या होत्या आणि कवळीवर पॉलिश करताना त्यांचा अंगठा हल्ली थरथरायचा.

"विचारून तर बघा," वहिनी म्हणाली. "नाही म्हणाले तर तेवढाच आठवा शब्द पदरात पडेल."

ताईंनी लिहिलं, "माझं एक नंबर मादी निघालं. मी तुम्हाला कणसं कापायला सांगितली, चूक झाली. या वर्षी नवं कणीस आहे का?"

उत्तर यायला अर्धा तास लागला. मास्तरांनी आयुष्यात एवढं लांब कधी लिहिलं नसेल. "नवं नाही. पण कापून टाका म्हणालात, कापलं. फेकून द्या म्हणाला नव्हतात. कागदावर झटकून तिन्ही वेळचा पराग बाटल्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवलाय. तुमची मादी निघाली तर लागेल म्हणून. गुरुवारी मी स्वतः घेऊन येतो."

ताईंनी ते किती वेळा वाचलं त्याचा हिशेब नाही. सहा वर्षं! न विचारता, न सांगता, आपल्यासाठी.

मग त्यांनी कार्यशाळा धुऊन काढली. टेबलाच्या फटीत वडिलांच्या काळापासून बसलेलं प्लास्टर सुरीने खरवडलं. पडदे धुतले. ज्या खुर्चीत मास्तर तेव्हा बसले होते तिचा डुगडुगणारा पाय पाचर मारून पक्का केला. खिडकीतली नमुन्याच्या कवळ्यांची रांग उचलायला गेल्या तेव्हा वहिनी म्हणाली, "दात तरी राहू द्या हो. तुम्ही तोंडातून शब्द काढणार नाही, स्वागताला कुणीतरी हसलेलं बरं."

गुरुवारी खवल्यांच्या फटी नख जाईल एवढ्या उघडल्या होत्या. दहाची बस येऊन गेली. अकराची गेली. बाराला फाटक वाजलं. दारात कुरियरवाला उभा होता.

खोक्यात रुंद तोंडाचा थर्मास, त्यात बर्फ, आणि बर्फात तीन छोट्या बाटल्या. प्रत्येकीवर मास्तरांच्या उभ्या अक्षरात साल. सोबत एक चिठ्ठी. "शेजारीण जिन्यावरून पडली, पाय प्लास्टरमध्ये आहे. बहिणीजवळ बसायला कोणी नाही. पराग थांबणार नाही म्हणून पाठवतोय. कुरियर न करण्याची तुमची अट रोपाची आहे, परागाची नसावी. माझी एकच अट. बी रुजून पान आलं की कळवायचं."

ताई त्या दुरुस्त केलेल्या खुर्चीत बसून रडल्या. फार वेळ नाही, कारण बर्फ वितळत होता.

मग डोळे पुसून त्या उठल्या. कवळीवरची धूळ उडवायचा रबरी फुगा घेतला, त्यात सगळ्यात ताज्या बाटलीतली पिवळी पूड भरली आणि एकेका फटीत फुंकर घातली. आठवडाभर रोज. तिन्ही बाटल्या संपवल्या.

सात महिन्यांनी कणीस फुटलं आणि लालभडक बिया परातीत पडल्या, साठेक तरी. ताईंनी हातमोजे घालून त्यांचा गर सोलला आणि त्या पाण्याच्या बादलीत टाकल्या. पोकळ बी तरंगते. एकेक करून जवळजवळ सगळ्या तरंगायला लागल्या. तळाशी गेल्या त्या चार. त्या ओलसर भुशात निजवल्या. तीन कुजल्या. चौथीने वर्षभर काहीच केलं नाही, आणि ताईंनी आशा सोडायच्या बेतात असताना एका सकाळी भुशातून करंगळीएवढं निळसर पान वर आलं.

ताईंनी हात धुतले, पुसले, आणि लिहिलं, "पान आलं. एक."

लगेच उत्तर आलं. "छान. पाणी कमी घाला."

ताई इतक्या मोठ्याने हसल्या की वहिनी आतून धावत आली. हसता हसताच ताईंनी पुढे लिहिलं, आणि या खेपेला पुसलं नाही. "हे रोप तुमचं. न्यायला या."

"येईन," मास्तरांनी लिहिलं. "बहिणीची सोय लागली की येईन."

त्याला आता तीन वर्षं होत आली. रोपाला तीन पानं आहेत. कुंडीत गुलाबी पट्टी आहे आणि तिच्यावर आकडा नाही, 'दिलेलं' एवढंच कोरलंय. बंगलेवाला येतो, कुंडीभोवती घुटमळतो, पट्टी वाचतो आणि उसासा टाकून जातो. दरवर्षी ताई पान कळवतात, मास्तर पाणी कमी घाला म्हणतात.

परवा वहिनीलाच राहवलं नाही. या वेळी तिच्या बोलण्यात थट्टा नव्हती. "वन्सं, त्या बिचाऱ्यांना बहिणीला सोडून निघता येत नाही, तुम्हाला कळतं ना? अट तुमचीच आहे. एकदा मोडा. मी नीट बांधून देते, कुरियरने पाठवून द्या."

ताईंनी मातीत बोट घालून ओल बघितली. अजून दोन दिवस पाणी लागणार नव्हतं.

"पाठवलं," त्या म्हणाल्या, "तर मग ते येतील कशाला?"