साडेसात सेंटिमीटरवरचा डाग

हडपसरच्या एका खासगी शाळेच्या कार्यालयात मी बावीस वर्षं कारकुनी करते आहे. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो असं सगळे म्हणतात आणि ते खरं आहे. जिथे एक प्रिंटर, एक कारकून आणि चाळीस शिक्षक असतात, तिथे तो दुसरीकडे कुठे ठेवायचा हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. सहामाहीची प्रगतिपत्रकं छापून शनिवारच्या पालकसभेत वाटायची होती. पहिली-दुसरीची सभा वेगळी असते, ती बुधवारीच उरकली. त्याच संध्याकाळी एका पालकाने पत्रकाचा फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाकला. पानाच्या उजव्या बाजूला, एकाखाली एक, स्वल्पविरामाएवढे काळे डाग. त्यातला एक बरोबर गणिताच्या गुणांवर. खाली त्या सद्गृहस्थाने लिहिलं होतं, ‘स्वच्छतेचे गुण शाळेला कोण देतं?’ त्यावर इतरांनी रांगेने हसरी तोंडं टाकली. सगळी शिकलीसवरलेली माणसं. पोराला गणितात किती पडले हे मात्र एकानेही विचारलं नाही.

गुरुवारी सकाळी मुख्याध्यापिकाबाईंनी मला खोलीत बोलावलं. त्या चिडल्या की आवाज चढवत नाहीत, ‘आपण’ म्हणायला लागतात. आपण कार्यालय सांभाळता, आपल्याला हे डाग दिसले नाहीत का, असं त्यांनी विचारलं. दिसले होते. दहा-बारा दिवस रोजच्या परिपत्रकांवर दिसत होते. पण परिपत्रकं वाचतंय कोण, म्हणून मी काणाडोळा केला होता. हे सांगायला हवं होतं. त्याऐवजी माझ्या तोंडून निघालं, “मशीन मावशी पुसतात. ओलं फडकं आत गेलं असणार.”

मावशी म्हणजे आमच्याकडे झाडलोट करणाऱ्या बाई, शेजारच्या मांजरी गावच्या. ठेकेदारामार्फत सहा वर्षं कामाला होत्या. त्यांचा करार दरवर्षी दिवाळीनंतर नव्याने व्हायचा, तोही मुख्याध्यापिकाबाई हो म्हणाल्या तरच. घरच्या जावा दुसऱ्यांच्या उसात रोजंदारीवर जायच्या. ह्या एकट्या पदराला पिन लावून सकाळच्या बसने शाळेत यायच्या. एकदा फोनवर कोणा नातेवाइकाला त्या सांगत होत्या, ‘शाळेत सर्व्हिसला हाय मी.’ कार्यालयात बसून बावीस वर्षांत मी कधी एवढ्या तोऱ्यात माझ्या नोकरीबद्दल बोलले नाही.

त्यांना बोलावलं. त्यांनी सांगितलं, “म्या वरनंच पुसते, कोरड्या फडक्यानं. आतमदी कधी हात घातला न्हाई. बाईंना इचारा.” बाई म्हणजे मी. मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरचं पत्रक उलटंसुलटं करत राहिले. झालं, ठरलं.

आमच्याकडे ठरलं की लेखी घेतात. खुलासा ज्याने द्यायचा त्याने तो लिहायचा नसतो. कार्यालय लिहितं, तो सही करतो. माझ्या संगणकात त्याचा तयार मसुदा आहे. ‘माझ्या निष्काळजीपणामुळे’पासून ‘पुन्हा असे घडणार नाही’पर्यंत सगळी वाक्यं जागच्या जागी आहेत, मी फक्त नाव आणि चूक भरते. त्या दिवशीही भरली. कागद अर्थातच त्याच प्रिंटरवर छापला आणि त्याच्यावरही ते डाग आले. मधल्या सुट्टीत, शिक्षक डबे उघडून बसलेले असताना, मावशींनी शिक्षकांच्या खोलीत उभ्या उभ्या त्यावर सही केली. सावकाश, एकेक अक्षर जोडत. मेथीच्या भाजीची देवाणघेवाण थांबवून सगळे बघत होते. कोणी ‘अहो, खुर्ची द्या त्यांना’ एवढंही म्हणालं नाही. मी तरी कुठे म्हणाले?

संध्याकाळी ठेकेदाराच्या माणसाने त्यांना फाटकाशी गाठून सांगितलं की करार पुढे होणार नाही आणि उद्यापासून आला नाहीत तरी चालेल. मला वाटलं होतं पत्रावर भागेल. हे मी माझ्या समाधानासाठी सांगते आहे, तुम्ही विश्वास ठेवायलाच हवा असं नाही.

शुक्रवारी सकाळी दुरुस्तीवाला आला. पन्नाशीचा, गालात सुपारी, खांद्याला बॅग. त्याने पान पाहिलं न पाहिलं आणि म्हणाला, गरम रोलर गेला. छापलेली शाई कागदावर पक्की करायला आत एक तापणारा रोलर असतो, तो. कशावरून, असं मी विचारलं. तर म्हणे अनुभव आहे. अनुभवाच्या जोरावर त्याने रोलर बदलला, बॅग भरली आणि चाचणीचं पान न काढताच निघाला. मी त्याला जिन्यातून परत बोलावलं. पान काढलं तर डाग होते तसे. मग तो म्हणाला, आतला बोर्ड असेल, मशीन न्यावं लागेल, आठ दिवस लागतील. ह्या माणसाला डोकं दुखतंय म्हणून सांगितलं तर तो आधी गुडघा बदलेल आणि मग म्हणेल पाठ असेल. जुना रोलर परत बसवायला लावून मी त्याला वाटेला लावलं. शनिवार उद्यावर आला होता आणि सहाशे पत्रकं छापायची होती.

रागाच्या भरात मी कपाटातून मशीनची पुस्तिका काढली. ती अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत होती, चार वर्षं कोणी फोडलेली नव्हती. आत एक छोटा तक्ता होता. ठरावीक अंतराने डाग येत असेल तर आत फिरणाऱ्या कुठल्या तरी गोल भागावर खोट आहे, असं त्यात म्हटलं होतं. प्रत्येक भागाचा घेर वेगळा, म्हणून दोन डागांतलं अंतर मोजायचं आणि तक्त्यात बघायचं. एवढंच. लाटण्याला सुकलेल्या कणकेचा खडा चिकटला की पोळीवर ठरावीक अंतराने खळगा पडतो, हे पोळ्या लाटणाऱ्या बाईला कोणी शिकवावं लागत नाही. आणि मी तीस वर्षं पोळ्या लाटते आहे. त्या अनुभवी माणसाने खिशातून पट्टी काढली असती तर दोन मिनिटांचं काम होतं. मुख्याध्यापिकाबाईंनी ‘आपण’ म्हणायच्या आधी काढली असती तरी चाललं असतं. मी काढली असती तर मावशी त्या क्षणी बाहेरचा व्हरांडा झाडत असत्या.

हाताशी पहिला जो कागद आला तो मावशींचा माफीनामा होता, फायलीत लावायचा राहिलेला. त्यावरच पट्टी ठेवली. साडेसात सेंटिमीटर. पुढचा डाग, पुन्हा साडेसात. मग पत्रकं घेतली. पान बदललं की डाग वर-खाली सरकत होते, पण दोहोंमधलं अंतर हलत नव्हतं. तक्त्यात गरम रोलरचा आकडा वेगळाच होता. साडेसातसमोर लिहिलं होतं, ड्रम. कागदावर शाई उतरवतो तो.

तरी खात्री करायची म्हणून छपाई चालू असताना मी बटण बंद केलं आणि अर्धवट अडकलेलं पान ओढून काढलं. ते गरम रोलरपर्यंत पोचलेलंच नव्हतं. शाई ओली नसते, पण कच्ची असते, भुकटीसारखी बोटाला लागली. आणि डाग होते. म्हणजे रोलर बिचारा निर्दोष होता.

पुढचं दार उघडून टोनरची पेटी बाहेर काढली. तिच्या पोटाशी ड्रम असतो, हिरवट निळा, चकचकीत. त्याच्यावर नखाने ओरखडावं तशी एक खोक होती. मग मोबाइलच्या उजेडात आत पाहिलं. ड्रमखाली जो काळा स्पंजाचा रोलर असतो त्याच्या कडेला एक तांदळाचा दाणा रुतून बसला होता, एका बाजूने लाल. त्याचंच टोक ड्रमला लागून ती खोक पडली होती.

मला विचार करावा लागला नाही. आमच्या शाळेत प्रिंटरच्या पोटात तांदूळ घालणारं माणूस एकच आहे. खंडेनवमीला आम्ही यंत्रांची पूजा करतो. संगणक, शाळेची घंटा, प्रयोगशाळेतले तराजू, मुलांची बस. प्रिंटर माझ्याकडे. बाकीचे झाकणावर हळदकुंकवाची बोटं टेकवून, झेंडूचं फूल ठेवून मोकळे होतात. पण मला वरवरचं काही खपत नाही. काम तर आतला भाग करतो, त्यालाच का वगळायचं, असं म्हणून मी दार उघडून, पेटी काढून, आत अक्षता वाहिल्या होत्या, ओल्या कुंकवात छान माखलेल्या. वर्षभर नीट चाल रे बाबा, असं म्हणून हातही जोडले होते.

तो दाणा चिमट्याने काढताना मला स्वतःचाच संताप आला. इतका संताप मला माझ्या सासूचाही कधी आला नव्हता.

दाणा एका कागदावर ठेवून मी मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. पूजा, अक्षता, खोक, आणि मावशींचा काही संबंध नाही हेही. त्यांनी दाण्याकडे पाहिलं आणि त्या हसायला लागल्या. खरोखर, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. म्हणाल्या, अहो, श्रद्धेपोटी होतं असं, आमच्या ह्यांनी नव्या गाडीच्या इंजिनावर नारळाचं पाणी ओतलं होतं. मग चहा मागवला, नवी पेटी आणायला माणूस पाठवला.

मी म्हटलं, माझ्याकडून लेखी खुलासा घ्या.

“तुमच्याकडून कसला खुलासा? घरच्या माणसाकडून?” त्या म्हणाल्या.

मावशींकडून घेतला होता, असं मी म्हणाले. त्यावर त्या म्हणाल्या की तो विषय वाढवू नका, त्यांना यायचं तर येऊ देत, ठेकेदाराला मी सांगते, आणि तो कागद काय तो फायलीतून काढून टाका. एवढं बोलून त्यांनी पालकसभेची यादी पुढे ओढली. तोच डाग, तेच मशीन. मावशींची चूक होती तोवर निष्काळजीपणा होता. माझी झाली तेव्हा तो गमतीचा किस्सा झाला. मला असा संताप आला होता की कप भिंतीवर मारावासा वाटत होता. पण मी चहा प्यायले. आल्याचा होता, चांगला होता. मग बाहेर येऊन रात्री आठपर्यंत पत्रकं छापली. एकावरही डाग आला नाही. शनिवारी त्याच सद्गृहस्थाने पत्रक उजेडात धरून बघितलं आणि ‘आता कसं’ म्हणून मान डोलावली.

रविवारी स्कूटीवरून मांजरीला गेले. मावशींचं घर उसाच्या कडेला, समोर नव्या इमारतीचं काम चाललेलं. त्या ओट्यावर शेंगा फोडत होत्या. मला बघून उठल्या, पाणी आणलं, बसायला सतरंजी टाकली. मी न थांबता सगळं सांगून टाकलं. चूक माझी होती, तुमची नव्हती. मी खोटं बोलले. मोठ्या बाई हो म्हणाल्यात, करार होईल, सोमवारपासून या. आणि पिशवीतून तो माफीनामा काढून त्यांच्या हातात दिला, म्हटलं, फाडून टाका.

त्या हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. कागद घेऊन त्यांनी आपल्या सहीवरून बोट फिरवलं.

“मग तुमच्याकडनं घेतलं का लिहून?” त्यांनी विचारलं.

“नाही,” मी म्हणाले.

“त्या मास्तरलोकांना सांगितलं? डबे खात हुते त्यांना?”

“नाही.”

त्यांनी कागद फाडला नाही. नीट घडी घातली आणि माझ्या मांडीवर ठेवला.

“ह्याच्यात नाव माझं हाय. तुमचं घालून आना, तितंच समद्यांम्होरं सही करा. मंग येते मी.”

मी हो म्हणाले. शेंगांची एक ओंजळ त्यांनी माझ्या पिशवीत घातली, ती घेऊन घरी आले. ह्याला वर्ष होत आलं. व्हरांडा आता दुसऱ्याच बाई झाडतात. मसुदा संगणकात आहे, मशीन स्वच्छ छापतं, आणि मी अजून नाव बदललेलं नाही.