थिसलबेकसाहेबांचं गाव

कुवेतमध्ये पगार मिळाला नसता, तरी आमचे वरचे काका इथे आलेच असते असं माझं ठाम मत आहे. एवढ्या देशांची, एवढ्या भाषांची आडनावं एका जागी गोळा झालेली त्यांना दुसरीकडे कुठे मिळाली असती? वरचे काका म्हणजे महबूलातल्या आमच्या इमारतीत, आमच्या बरोब्बर डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये राहणारे पुण्याचे इंजिनियर. मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत पंप आणि व्हॉल्व्ह सांभाळणं हे त्यांचं पोटापाण्याचं काम. खरं काम आडनावांचं. लोक नाणी जमवतात, तिकिटं जमवतात, आमचे काका माणसांची मूळ गावं जमवतात.

आम्ही इथे राहायला आलो तेव्हा आमची गादी लिफ्टच्या दारात अडकली होती. काकांनी देवासारखं येऊन तिचं दुसरं टोक धरलं आणि विचारलं, “आडनाव?” मी सांगितलं. “मूळ गाव?” म्हटलं, नाशिक. “ते हल्लीचं हो. मूळ?” आता मला काय ठाऊक! मग गादी तशीच अधांतरी धरून त्यांनी मला समजावलं, की माझ्या सासरची मंडळी मुळात किनाऱ्यावरची, मिठाच्या गोण्या घेऊन घाट चढून आलेली. मी बावळट, हौसेनं हे सासऱ्यांना फोनवर सांगून बसले. नाशिक आपल्याच पूर्वजांनी वसवलं असं मानणारा तो माणूस. “मीठ विकायला आलो होतो काय आम्ही?” म्हणाले आणि आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

काकांबरोबर बाजारात जायचं म्हणजे पोळ्या करून, पोरांना जेवू घालूनच निघावं. एगैलाच्या मॉलमध्ये बिलाच्या काउंटरवर बसलेल्या फिलिपिनो मुलीच्या छातीवरची पाटी वाचून ते तिला म्हणाले, “सांतोस म्हणजे संत. आमच्या पुण्यातही संत आहेत, भेटले की तुमचा निरोप देतो.” मागे रांग मारुतीच्या शेपटासारखी वाढलेली. खालच्या औषधवाल्या केरळी माणसाला आडनावच नाही, नुसती दोन अक्षरं, हे कळल्यावर काका इतके अस्वस्थ झाले, की त्या अक्षरांमागचं घर आणि गाव कळेपर्यंत त्यांनी त्याच्याकडून रोज खोकल्याच्या गोळ्या आणल्या. काकूंना खोकला नव्हता, काकांना नव्हता, गोळ्या आमच्याकडे. माझा मुलगा, जो घरात मराठीला इंग्रजीत उत्तरं देतो, तो म्हणायचा, “आई, ही इज सो वियर्ड!” आणि संध्याकाळी जाऊन त्यांच्याच सोफ्यावर पसरायचा.

तर अशा या काकांच्या ऑफिसात एक वयस्क इंग्रज सल्लागार होते, आडनाव थिसलबेक. काकांनी जन्मात कधी न ऐकलेलं. चहाच्या वेळी त्यांनी सवयीनं गाव विचारलं. थिसलबेकसाहेब हसून म्हणाले, “मला गाव नाही. कंपनी पाठवील ते गाव.” उभं आयुष्य आखातात गेलेलं, बायको वारलेली, मूलबाळ नाही. उन्हाळ्यात करार संपणार, इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रद्द होणार, आणि इंग्लंडात उतरल्यावर विमानतळाबाहेर डावीकडे वळायचं की उजवीकडे, हेसुद्धा ठरलेलं नाही.

काका घरी आले ते जेवलेच नाहीत. “अहो, माणसाला गाव नाही म्हणजे काय? आडनाव आहे ना? मग गाव असणारच! हा माणूस जायच्या आत मी त्याला त्याचं गाव मिळवून देतो,” त्यांनी काकूंना जाहीर केलं. काकू म्हणाल्या, “आधी आमटी गार होतेय ती बघा.”

पुढचे काही महिने इमारतीतल्या प्रत्येकाला थिसलबेक पाठ झाला. लिफ्टमध्ये, जिन्यात, कचरा टाकायला गेलं तरी थिसलबेक. थिसल म्हणजे जांभळ्या फुलांचं काटेरी झुडूप, बेक म्हणजे ओढा. हा ओढ्याचा शब्द म्हणे समुद्रापलीकडून होड्या घेऊन आलेल्या लोकांनी उत्तर इंग्लंडात आणून ठेवला. “गावावरून पडलेलं आडनाव. अगदी आपल्या कोकणातल्या करांसारखं!” काका सांगायचे. जुन्या शिरगणत्या त्यांनी कॉम्प्युटरवर उलट्यापालट्या केल्या. एक फांदी कापडगिरण्यांत गेली, एक कॅनडाला, काही घरांत मुलीच झाल्या आणि नाव बुजलं. “आता साऱ्या इंग्लंडातले थिसलबेक एका पंगतीत बसवले तर वाढप्याला दुसरी फेरी मारावी लागणार नाही,” ते हळहळून म्हणाले. त्या काळजीनं त्यांचं वजन उतरलं. आणि एका दुपारी धाडधाड जिना उतरून आले. गाव सापडलं होतं! डोंगरातलं, ओढ्याकाठचं. थिसलबेकांचं तिथे एकच घर उरलेलं, आणि त्यात एकटी म्हातारी.

शुक्रवारी दुपारी साहेबांना निरोपाचं जेवण ठेवलं. काकूंनी श्रीखंड केलं होतं, मी मसालेभात घेऊन गेले होते. काकांनी टीव्हीवर नकाशा लावला आणि पट्टी घेऊन उभे राहिले. हा ओढा, हे चर्च, हे तुमचं घराणं. बोलणं सगळं इंग्रजीत, मी आपली मराठीत सांगते. “चर्चचा संत हे तुमचं कुलदैवत धरा. वर्षातून एकदा जायलाच हवं. नारळ मिळत नसेल तर मेणबत्ती चालेल. आणि मी म्हणतो, आता तिथेच राहा.”

थिसलबेकसाहेबांनी चमचा खाली ठेवला. “हे नाव माझं नाही,” ते म्हणाले. “ज्यांनी मला वाढवलं त्यांचं आहे. मला अनाथालयातून आणलं होतं. तुम्ही इतकं मनापासून शोधत होता, मला सांगायचं धाडस झालं नाही. त्या गावात मी कुठल्या तोंडानं जाऊ?”

काकांच्या हातातली पट्टी खाली आली. मला तर रडूच येईल असं झालं. इतक्या महिन्यांची धडपड, आणि साराच ओढा आटलेला! काकू श्रीखंडाचं पातेलं घेऊन नुसत्याच उभ्या.

“म्हणजे दत्तक?” काकांनी विचारलं. “अहो, मग अडलंय कुठे? मीसुद्धा दत्तकच!”

आता आम्ही थक्क. जगाची आडनावं उकरणाऱ्या या माणसानं स्वतःच्या आडनावाबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्यांच्या मावशीला मूल नव्हतं. तिनं आणि तिच्या यजमानांनी काकांना लहानपणी मांडीवर घेतलं, आणि नाव, गोत्र, देव सगळं बदललं. “पुष्कळ वर्षं मलाही हे आडनाव उसनं वाटायचं,” काका म्हणाले. “हे वडील गेल्यावर त्यांच्या गावच्या जत्रेला भीतभीतच गेलो, मागे उभा राहिलो. गुरवानं वडिलांचं नाव विचारलं. सांगितलं. त्यानं मला हाताला धरून पुढे ओढलं आणि आमच्या घरचा मानाचा नारळ माझ्या हातात दिला. मी कुणाच्या पोटचा, हे कुणी विचारलं नाही साहेब. तुम्ही जा. विचारलं तर वडिलांचं नाव सांगा.”

थिसलबेकसाहेबांनी चमचा पुन्हा उचलला. मग हळूच म्हणाले, “त्यांचं नाव जॉर्ज होतं.” “छान नाव आहे,” काकू म्हणाल्या आणि त्यांना आणखी श्रीखंड वाढलं.

ते गेले. उन्हाळा सरला तरी काही कळलं नाही. काका फोनकडे बघायचे आणि बघत नसल्यासारखं दाखवायचे. मग एकदा संध्याकाळी आम्ही वर चहाला बसलेलो असताना थिसलबेकसाहेबांचा व्हिडिओ कॉल आला. मागे हिरवा डोंगर, गालाला चिखल लागलेला. त्या म्हातारीच्या शेजारीच त्यांनी खोली घेतली होती. “जॉर्जचा म्हणून सांगितलं,” ते म्हणाले, “तर तिनं बस म्हणायच्या आधी चर्चभोवतीचं गवत कापायला लावलं. कबरींवरचंसुद्धा. म्हणते, आपल्याच माणसांच्या आहेत, दुसरं कोण कापणार? रोज काहीतरी काम काढते. पाठ मोडली माझी.” अशी तक्रार करताना इतका खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

फोन बंद झाल्यावर काकांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. “रिफायनरीचं दुरुस्तीचं शटडाऊन नेमकं जत्रेच्या दिवसांत येतं,” ते काकूंना म्हणाले, “म्हणून किती वर्षं आपण गेलोच नाही. नारळ कुणाच्या हातात देत असतील गं?” काकूंनी उठून सरळ माळ्यावरची बॅग काढली.

यंदा गेलेत दोघं. रिफायनरीतल्या वरिष्ठांशी भांडून रजा घेतली म्हणे काकांनी. वर पाऊल वाजत नाही, दाराची बेल कुणी वाजवत नाही. मला मेलं करमतच नाही.