घरच्या दिव्यावर घरचीच बोली

हल्ली कुणी विचारलं, काय करतोस, तर मी सरळ सांगतो, जुनं पितळ विकतो. पूर्वी ऑनलाइन व्यवसाय आहे म्हणायचो. वडील ते ऐकून लोकांना सांगायचे, "काँप्युटरात असतो." आमच्या घरात कॉलेजची पदवी घेतलेला मी पहिला. मुलगा भांडी विकतो असं म्हणायला त्यांची जीभ वळायची नाही. माझी वळते. बी.कॉम. झालो, एका पतपेढीत लागलो, पतपेढी बंद पडली. मग वाड्यावाड्यांतून लोकांनी माळ्यावर टाकलेली तांब्यापितळेची भांडी गोळा करून इंटरनेटवरच्या लिलावात लावायला लागलो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. दमायला होतं, एवढंच.

कशानं दमायला होतं ते बाहेरच्या माणसाला पटत नाही. त्याला वाटतं, फोटो टाकला, बोली लागली, पैसे आले. पैसे येतात, पण हातात येत नाहीत. लिलावाच्या साइटवर आपलं पैशाचं एक खातं असतं. घेणारा त्यात भरतो, साइट ते धरून ठेवते, वस्तू पोचली आणि घेणाऱ्यानं ठीक म्हटलं की सोडते. त्या खात्यासाठी पॅन, आधार, पासबुक, सगळं द्यावं लागतं. माझ्या पॅनवर वडिलांचं नाव पूर्ण आहे आणि बँकेत नुसतं आद्याक्षर, म्हणून खातं चालू व्हायलाच एक पावसाळा गेला. त्यानंतर गिऱ्हाइकांचे तारे. मी पार्सल आंब्याच्या खोक्यांतून पाठवतो. रत्नागिरीत दुसरं खोकं शोधत कोण फिरणार, ही घरोघरी पडलेली असतात. उत्तरेकडच्या एकानं तांब्याचं घंगाळ मिळाल्यावर दोनच तारे दिले आणि खाली लिहिलं, खोक्यावर हापूस आहे, आत भांडं निघालं. त्याला समजावून लिहिलं. त्यानं एक तारा वाढवला. असे तारे गोळा करत खातं उभं राहिलं होतं. घर त्या खात्यावर आणि बायकोच्या शिकवण्यांवर चालायचं.

पावसाळ्यात वडील गावाहून, संगमेश्वरच्या बाजूहून, आमच्याकडे राहायला येतात. त्या वर्षी येताना त्यांनी पिशवीतून लामणदिवा आणला. लांब साखळी, वर पितळेचा पोपट. गावच्या देवघरात तो टांगलेला असायचा. वीज आल्यावर माळ्यावर गेला.

"विक," म्हणाले.

"असू दे घरात, बाबा."

"टांगायला तुझ्याकडं वासा हाय काय? स्लॅबला काय टांगनार. विक. कोनाच्या तरी घरात पेटंल."

मी दिवा घासला, फोटो काढले, लिलावात लावला.

त्याच सुमारास त्यांच्या फोनवरही मी त्या साइटचं खातं काढून दिलं होतं. त्यांच्या जुन्या रेडिओला बटणं हवी होती, ती बाजारात कुठे मिळेनात. काजूचे पैसे ज्या बँकेत येतात ती जोडली, अक्षरं मोठी करून दिली. साइट मराठीत दिसते, त्यामुळे अडलं काही नाही. बटणं आली, रेडिओ बोलायला लागला आणि वडील त्या साइटवर रमले. दिवसभर बघत बसायचे आणि माझ्या बायकोला सांगायचे, "सूनबाय, ह्या खुर्चीला कोन विचारीत नाय बघ. बिचारी."

इथे आमच्या वाडीतल्या लिलावाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. वाडीची वर्षाची सत्यनारायणाची पूजा असते. देवापुढे लोक नारळ ठेवतात, केळीचा घड ठेवतात, परसातला पहिला फणस ठेवतात. पूजा आटपली की त्यांचा लिलाव होतो. पुकारा करायचं काम वर्षानुवर्षं वडिलांकडे. त्या लिलावाची रीत अशी, की आपल्या घरनं ठेवलेली वस्तू आपण स्वस्तात जाऊ द्यायची नाही. बोली रेंगाळली की घरचाच माणूस ती वाढवतो. सगळ्यांना ठाऊक असतं. लोक टोमणे मारतात, "सोताचाच फनस इकत घेतो, झाडावरचे संपले काय?" आणि ईर्ष्येनं आणखी चढवतात. पैसा देवाला जातो, मान घराला मिळतो. त्याला कुणी लबाडी म्हणत नाही. ज्याच्या फणसावर घरचं कुणी तोंड उघडत नाही, त्याच्याबद्दलच मागाहून बोललं जातं.

दिव्याच्या लिलावाचा शेवटचा दिवस होता. दुपारी मी पार्सलं घेऊन पोस्टात गेलो होतो. दिव्यावर तोवर दोघांनी बोली लावली होती. त्यांतल्या एक विदर्भातल्या बाई होत्या, साखळी मूळचीच आहे का म्हणून त्यांनी आधी विचारून घेतलं होतं. आकडा भंगाराच्या भावाच्या जरासाच वर होता. मला काळजी नव्हती, खऱ्या बोली शेवटच्या घटकेला पडतात.

परत आलो तर वडील खुर्चीत चहा पीत बसलेले. चेहरा असा, की जणू पालखी नाचवून आलेत.

"दिवा ऱ्हायला," म्हणाले.

"कुठे राहिला?"

"घरात. दोघांना पुरून उरलो. ती बाय लय चिवट व्हती. शेवटाला बसली गप."

माझ्या छत्रीचं पाणी लादीवर गळत होतं. "बाबा, तुम्ही बोली लावलीत?"

"बटनावर काय लिवलंय? बोली लावा. लावली."

"पण दिवा आपलाच आहे."

"म्हनून तर लावली. देवघरातला दिवा मोडीच्या दरानं जातोय, आनि मी बघत बसू?"

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "मी म्हटलं त्यांना, आधी ह्यांना विचारा. तर म्हणाले, पुकारणाऱ्याला विचारून बोली कोण लावतं."

"आणि पैसे?"

"भरले की. तूच शिकवलंस, हिरवं बटन."

वडिलांच्या काजूचे पैसे साइटच्या मार्गानं माझ्याकडे यायला निघाले होते. पोचले नाहीत. एकच पत्ता, एकच आडनाव, घरातलं एकच इंटरनेट, साइटच्या मशीनला तेवढं पुरलं. संध्याकाळच्या आत दोघांचीही खाती गोठली. माझ्या इतर विकलेल्या भांड्यांचे पैसेही त्यातच अडकले. मेलमध्ये लिहिलं होतं, शिल बिडिंग. विकणाऱ्यानं आपल्याच माणसाकडून बोली लावून भाव फुगवणं. मराठी डोळ्यांना तो शब्द आधी शील असाच दिसतो. आमच्या शीलावर असा शिक्का पहिल्यांदाच बसला होता.

पुढचे दिवस तक्रारीत गेले. मशीन उत्तर देत होतं, तेच तेच देत होतं. वाडीतले सगळे अर्ज मीच लिहितो. रस्त्याचा, पाण्याचा, दाखल्याचा. माझ्या अर्जाला उत्तर येतं अशी माझी ख्याती आहे. इथे ती कामाला येईना. शेवटी साइटकडून एका मुलीचा फोन आला. हिंदीत बोलत होती, आवाजात माया होती, खोटं नाही म्हणत. म्हणाली, सर, वडील वयस्कर आहेत ना, मग तसं लिहून द्या. त्यांना हे काही कळत नाही, चुकून हात लागला. खाली त्यांची सही घ्या. बहुतेक खातं सुटेल.

वडील समोरच बसलेले. फोन ठेवल्यावर विचारलं, "काय म्हनते?"

मी सांगितलं.

"चुकून हात लागला, असं लिवनार?"

"तसं लिहिलं तर सुटतं म्हणते."

"आनि मला कळत नाय, असं पन."

"हो."

त्यांनी रेडिओचं बटण उगाच फिरवलं. रेडिओ बंदच होता. "मी सगळ्या वाडीचा पुकारा केला. आनि मला लिलाव कळत नाय, ह्याच्यावर सही करू?" मग म्हणाले, "तू सांगशील तर करतो. तू शिकलेला हायस."

हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तसं म्हटलं नव्हतं.

आत गेल्यावर बायको हळू आवाजात म्हणाली, "लिहून टाका नि मोकळे व्हा. कोण वाचणार आहे? बाबांना वाचून दाखवू नका म्हणजे झालं."

"सही करताना ते वाचतील."

"इंग्रजीत लिहा."

तिचं काही चुकत नव्हतं. घराचा हिशोब तिलाही सांभाळायचा होता. पण मी शिकलो, म्हणून वडिलांनी न वाचता सही करायची, हे माझ्या हातून होईना. फार थोर विचार केला असंही नाही. मला त्या सगळ्याचा कंटाळा आला होता, आणि कंटाळलेल्या माणसाला खरं लिहिणं सोपं पडतं. खोटं लक्षात ठेवावं लागतं.

मी इंग्रजीत लिहिलं आणि वडिलांना मराठीत सांगितलं. बोली लावणारे माझे वडील आहेत. त्यांनी समजून उमजून लावली. मला माहीत नव्हतं. आमच्या गावच्या देवाच्या लिलावात हे चालतं, तुमच्याकडे चालत नाही हे त्यांना माहीत नव्हतं. विदर्भातल्या बाईंना दिवा त्यांच्या बोलीला द्यायची माझी तयारी आहे. रीत या शब्दाला इंग्रजीत जो शब्द मी घातला, तो लिहिताना मलाही लुळा वाटला.

"बरोबर," वडील म्हणाले. "ह्याच्यावर करतो सही."

उत्तर चटकन आलं. नियमभंग मान्य केल्याबद्दल आभार, दिव्याचा लिलाव रद्द, खातं कायमचं बंद. अडकलेले पैसे सवडीनं परत आले, वडिलांचे काजूचेही. तारे नाही आले. ते कुठे परत करायची सोय नसते.

आता दुसऱ्या एका साइटवर बायकोच्या नावानं खातं उघडायला घेतलंय. तिच्या पॅनवर माहेरचं नाव आहे, आधारवर सासरचं, पासबुकात दोन्हींची खिचडी. रोज एक कागद चढवतो, रोज एक परत येतो. दिवा खिडकीच्या गजाला टांगला आहे. बायको शुक्रवारी वात लावते आणि पडदा बाजूला बांधून ठेवते.

परवा वडिलांनी विचारलं, "ते नवीन खातं जालं की दिवा लावनार काय परत?"

"लावला तर तुम्ही बोली लावणार नाही ना?"

"नाय."

"नक्की?"

"नाय म्हटलं ना." मग उठून साखळीचा पीळ सोडवला. "कितीपासनं सुरू करनार?"

"बघू. पहिली बोली कमीतच ठेवावी लागते, नाहीतर कुणी फिरकत नाही."

"फार कमी ठेवू नको," म्हणाले. "मग माझं काय सांगता येत नाय."