तीन मिनिटांचा गदारोळ

आमच्या अमरावतीच्या कॉलेजात युवा संसदेचा गदारोळ लिहून दिलेला असायचा. तीन मिनिटे. त्याशिवाय परीक्षकांना संसद खरी वाटत नाही, असे राज्यशास्त्राच्या सरांचे मत. सत्ताधारी बाकांवर आमच्या वसतिगृहातली मुले, विरोधी बाकांवर बडनेऱ्याहून रोज ये-जा करणारी. दोन्ही याद्यांत नाव न देणारे तिघे नामनिर्देशित सदस्य झाले, दोन मुली आणि मी. मला नाव द्यायचा धीरच झाला नव्हता. आमच्या घरात कॉलेज पाहणारा मीच पहिला. बाबा अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आहेत.

सरांनी आम्हाला दोन बाकांच्या मधोमध बसवले. म्हणाले, "तुम्हाला कुणी निवडून दिलेलं नाही, तुमचा पक्ष नाही. म्हणून तुमचं बोलणं लोक वेगळ्या कानानं ऐकतात."

वसतिगृहात माझे नाव 'राष्ट्रपतीचा जावई' पडले. ते पाडणारा माझाच खोलीमित्र, संसदेतला संरक्षणमंत्री. पहिल्या वर्षी माझे सगळे फॉर्म त्यानेच भरून दिले होते.

गदारोळ सुरू झाला. विरोधी पक्षनेता ठरल्याप्रमाणे कागद फाडत मध्ये आला. त्याचे आणि माझ्या खोलीमित्राचे आठवड्यापूर्वी मैदानावरून वाजले होते. खोलीमित्राने टेबलावरची सागवानी नावपाटी उचलली आणि त्याच्या भुवईवर हाणली. तो खाली पडला. मग सत्ताधारी बाकांवरचे चौघे त्याच्यावर तुटून पडले. पोटात लाथा बसल्याचा आवाज माझ्यापर्यंत येत होता.

प्रेक्षक टाळ्या वाजवत होते. मागून कुणीतरी शिट्टी मारली. सभापती झालेली मुलगी घंटी बडवत राहिली, कारण तिच्या कागदावर तेच होते. माझ्या कागदावर होते, 'शांत बसून राहणे.' मी बसून राहिलो. माझ्या बुटावर रक्त उडाले, तरी बसून राहिलो.

विरोधी पक्षनेत्याला सात टाके पडले. वसतिगृहातल्या मुलांनी एकमताने लिहून दिले की आधी त्यानेच मारले आणि झटापटीत तो टेबलाच्या कोपऱ्यावर आपटला. रेल्वेत त्या जखमी मुलाची निवड झाली होती, फक्त पोलीस पडताळणी बाकी होती. नावावर गुन्हा दाखल झाला की नोकरी गेली. त्याच्याकडची मुले उलटे सांगत होती, पण दोन्ही बाजू आपापल्याच. प्राचार्यांनी आम्हा तिघा नामनिर्देशितांना बोलावले. दोघी मुलींनी आपण खाली पाहत होतो असे लिहून दिले. माझी पाळी दुसऱ्या दिवशी होती.

सकाळी खोलीत खोलीमित्राने दार लावले.

"तू कोनाच्या बाजूचा हायेस?"

"कोनाच्याच नाही."

"मंग चूप राह्य ना बे. काहून गांधी बनून राहिला?"

"मले दिसलं, भाऊ."

त्याने माझा उजवा हात लोखंडी कपाटाच्या फटीत धरला आणि दार ढकलले. एकदा, मग पुन्हा. मी ओरडलो तेव्हा बाहेर कुणीतरी हसले. "आता कोन्या हातानं लिहितं ते पाहू," तो म्हणाला. त्याचेही डोळे भरले होते, हे मी खोटे सांगत नाही.

प्राचार्यांच्या खोलीत मला पेन धरता आले नाही. मी बोलत गेलो, कार्यालयातले बाबू लिहीत गेले. पाटी कुणी उचलली, लाथा कुणी घातल्या, टेबलाचा कोपरा किती लांब होता. बोटांचेही सांगितले. सही करायची वेळ आली तेव्हा मी डावा अंगठा पुढे केला.

"बीएले हायेस ना रे? आन् अंगठा?" बाबू म्हणाले. मग माझा हात पाहून त्यांनीच शाईचे पॅड जवळ सरकवले.

विरोधी पक्षनेत्यावर पोलिसांत तक्रार गेली नाही. माझ्या खोलीमित्राचे वर्ष गेले. मी वसतिगृह सोडले आणि वलगावला एक खोली पाहिली.

महिन्याभराने विरोधी पक्षनेता कॉलेजच्या फाटकाशी भेटला. भुवईवर टाक्यांची रेघ होती.

"बयान दिलं, बरं केलं," तो म्हणाला. "पन त्या टायमाले काहून उठला नाही बे? मी तुह्याचकडे पाहून राहिलो होतो."

"भेव लागलं."

त्याने त्या रेघेवरून बोट फिरवले.

"मलेबी लागलं होतं," तो म्हणाला.