डिझेलमधलं पाणी

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, सख्ख्या भावाजवळ नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही धड कळत नाही.

वडीगोद्रीत माझं इंजिन दुरुस्तीचं दुकान आहे. विहिरीवरची इंजिनं, ट्रॅक्टर, फवारणीचे पंप, हेच काम. पण दगडूमामांची होडी बिघडली की फोन मलाच यायचा. गंगेच्या — आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात — ह्या काठावरून त्या काठावर ते माणसं न्यायचे. होडी दुसऱ्याच्या मालकीची, लोखंडी, आत जुनं डिझेल इंजिन. मामा ती रोज पुसायचे. मामी पुढं दोर धरून बसायची. नात्यानं ते माझे कुणी नव्हते. पण त्यांच्या घरी किती वेळा जेवलो, त्याची मोजदाद नाही.

त्या वर्षी होडीनं त्रास द्यायला सुरुवात केली. चावी फिरवली की नुसतं टक् वाजायचं. मी गेलो. बॅटरीच्या टोकांवर पांढरा थर चढलेला, तो खरवडला. अर्थिंगची वायर गंजून तुटायला आलेली, ती बदलली. इंजिन सुरू झालं — पण दहा मिनिटांनी धाप लागल्यासारखं करून बंद. म्हणजे आता वायरिंगचा दोष नव्हता, डिझेल पोचत नव्हतं. फिल्टरचा स्क्रू ढिला केला तर डिझेलबरोबर बुडबुडे. नळीत हवा शिरत होती. एकेक जोड तपासत गेलो. एका जोडातला तांब्याचा वायसर — हवा आत येऊ न देणारी चकती — पार चपटा झालेला. सापडलं!

इथपर्यंत माझं सगळं बरोबर होतं. म्हणूनच एवढं खोलात सांगतोय का मी? — पुढचं लांबवायला?

नवा वायसर माझ्याजवळ नव्हता. अंबडला मिळाला असता, जाऊन-येऊन दीड तास. पण मला एका लग्नाला जायचं होतं. मी तोच वायसर दगडावर घासला, उलटा करून बसवला, आवळला. इंजिन वीस मिनिटं चाललं.

"पक्कं झालं ना, मिस्त्री?" मामांनी विचारलं. "वरच्या धरणातून पाणी सोडलंय. धार लई हाय."

"बिनधास्त चालवा," मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी सकाळी भर धारेत इंजिन बंद पडलं. स्टार्टर फिरत राहिला, इंजिन काही पेट घेईना. होडी वाहत जाऊन खालच्या बंधाऱ्याच्या दगडांना भिडली. मामी दोर घेऊन दगडावर उतरायला गेली आणि तिचा पाय होडीच्या नि दगडाच्या मधे सापडला. बाकी सगळे सुखरूप. मामीचं चालणं कायमचं गेलं.

मला बोलावलं. काठावर होडीचा मालक, निम्मं गाव, आणि मामा — ओलेचिंब. मी जोड खोलला. माझाच वायसर. कडेला चीर. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. मी वायसर मुठीत दाबला आणि होडीतल्या डिझेलच्या कॅनच्या तळाचं डिझेल बाटलीत ओतलं. खाली पाण्याचे चार थेंब बसले — कुठल्या कॅनच्या तळाशी नसतात?

"डिझेलमधी पाणी हाय," मी म्हणालो.

तीन शब्द. म्हणजे दोष डिझेल न गाळता भरणाऱ्या मामांचा. मालकानं होडी काढून घेतली. मामा सांगत राहिले, "म्या गाळून घेतल्तं." कुणी ऐकलं नाही. मामीनंसुद्धा नाही. "ह्यांच्या आळसानं माझा पाय नेला," ती आल्यागेल्याला सांगायची. मामा तिथंच भांडी घासत असायचे, मान खाली घालून.

मी जात राहिलो त्यांच्याकडं. काळजीनं? की कुणाला काही कळलं तर नाही ना, हे बघायला?

एकदा अंगणात आम्ही दोघंच होतो. मामा हळूच म्हणाले, "मिस्त्री, खरं सांग. म्या दोनदा गाळलं हुतं. मंग पाणी आलं कुठून?"

तेव्हा सांगता आलं असतं. तिसरं माणूस नव्हतं तिथं.

"गाळायचं फडकं ओलं असंल, मामा."

त्यांनी हाताचे तळवे धोतराला पुसले. मग म्हणाले, "असंल बाबा. ओलंच असंल." त्या दिवसानंतर त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. आपण केलं, असं त्यांनी मानून टाकलं. त्यांचा स्वतःवरचा विश्वासही मी नेला — हे त्या वायसरपेक्षा वाईट, नाही का?

गेल्या उन्हाळ्यात मामा गेले. दहाव्यानंतर भेटायला गेलो. मामीनं शेजारणीला चहा करायला सांगितलं. मला खाटेजवळ बसवलं.

"शेवटच्या दिशी माझे पाय धरले त्यांनी," ती म्हणाली. "माफ कर म्हणले. म्या तोंड फिरवलं. चुकलं का रे माझं?"

मी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणालो, "येतो, मामी."